याद्यांच्या कागदावरच लिहून घ्या: बेळगाव-सीमाभागात कमी कचऱ्याचं लग्न कसं करावं

थोरल्या भाचीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विसरलेली दोन पातेली आणायला कार्यालयात परत गेले. पुढचं दार बंद होतं, म्हणून मागच्या बाजूनं वळसा घातला. कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत आमच्याच पंगतीतल्या चंदेरी पत्रावळ्या पडल्या होत्या. पाण्याच्या छोट्या बाटल्या तर शेकड्यांनी होत्या, बऱ्याच अर्ध्या भरलेल्या. थर्माकोलच्या 'शुभविवाह'मधला 'वि' चिखलात उताणा पडला होता. एक गाय आमटीनं माखलेली पिशवी चघळत होती. मी ती ओढून काढायला गेले, तर तिनं मान फिरवली आणि पिशवी गिळून टाकली.

त्या लग्नात आम्ही हौस म्हणून जे जे केलं, ते त्या कुंपणापलीकडं पडलं होतं. धाकट्या भाचीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही हे दादानं आणि मी तिथंच ठरवलं. चार वर्षांनी ते लग्न झालं. सुमारे आठशे पानं उठली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या मागं काहीही नव्हतं. ते कसं जमवलं, काय जमलं नाही, हे इथं क्रमानं लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागात लग्न काढणाऱ्यांना उपयोगी पडावं एवढाच हेतू.

याद्या करतानाच ठरवा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. मांडव घालायच्या आठवड्यात काहीच बदलता येत नाही. तोवर केटररला ॲडव्हान्स गेलेला असतो, डेकोरेशनवाल्यानं सामान भरलेलं असतं, पाव्हणे येऊन उतरलेले असतात. निर्णय घ्यायची खरी जागा म्हणजे याद्यांची बैठक.

आपल्याकडं सोयरीक जुळली, सुपारी फुटली की याद्या होतात. कागदाच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, वर 'श्री' लिहितात आणि खाली मानपान, आहेर, जेवणाचा खर्च, वाजंत्री हे सगळं एकेका ओळीत येतं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एका सतरंजीवर असतात आणि जे लिहिलं जातं ते पाळायचं असतं. आम्ही त्या कागदावर नेहमीच्या ओळींखाली या ओळी वाढवल्या:

- जेवण केळीच्या पानावर, पाणी स्टीलच्या पेल्यात. बाटल्या नाहीत.
- फ्लेक्स, थर्माकोल, पेपर ब्लास्ट (चमकी उडवायच्या नळ्या), फटाके दोन्हीकडून नाहीत.
- कापडाचा मानपान फक्त सख्ख्या नात्यांना.
- डॉल्बी नाही, वरात रात्री 10 च्या आत दारात.
- कचऱ्याचं काम बघायला मुलीकडचा एक आणि मुलाकडचा एक माणूस. नावं तिथंच लिहिली.

मुलाकडचे निपाणीकडचे. मुलाचे मामा बाटल्यांवर अडले. "अक्का, बाटल्या न्हाई ठेवल्या तर पाव्हणे काय म्हणतील? कमीपणा दिसतोय त्यात." दादा म्हणाला, "मामा, पाणी गार मिळालं तर कोण काय म्हणतंय? खानापूरच्या माठातलं पाणी देतो सगळ्यांना." मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चालतंय. पंगतीत पेला रिकामा राहायचा न्हाई खरं." ती अटही आम्ही यादीत लिहून टाकली: दर 25 पानांमागं पाण्याला एक माणूस. त्यांची अट मान्य झाल्यावर मामा आमच्याच बाजूचे झाले. म्हणून माझं सांगणं असं की समोरच्याचा आक्षेप खोडू नका, त्याचीच एक ओळ करून यादीत घाला.

कुणी फारच ताणलं तर कायदा आपल्या बाजूला आहे. कर्नाटकात मार्च 2016 पासून प्लास्टिकच्या पिशव्या, ताटं, पेले, चमचे, फ्लेक्स, तोरणं आणि जेवणाच्या टेबलावर अंथरायचा प्लास्टिकचा कागदसुद्धा बंद आहे. देशभरात 1 जुलै 2022 पासून थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे काटे-चमचे-ग्लास, मिठाईच्या डब्यावर आणि लग्नपत्रिकेवर गुंडाळायचा पातळ प्लास्टिक कागद यांवर बंदी आहे. दुकानात मिळतं म्हणून चालतं असं नाही.

तारीख आणि जागा

मुहूर्त गुरुजी काढतात. त्यातल्या चार तारखांमधून एक आपण निवडतो, तेव्हा पाण्याचा विचार करा. वैशाखात बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी उतरलेली असते, बेळगावात बऱ्याच गल्ल्यांना नळाची वाट बघावी लागते, आणि अथणी-रायबागकडं तर टँकरच येतो. त्या दिवसांत हजार माणसांचं कार्य म्हणजे दुसऱ्याच्या घागरीतलं पाणी ओढणं. तुळशीचं लग्न झाल्यावर मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ आपल्या भागाला सगळ्या दृष्टीनं सोयीचा आहे. विहिरींना पाणी असतं, मटार-गाजर-कोबी-रताळी शेतातून थेट मिळतात, नवा तांदूळ आलेला असतो, पंखे आणि कूलर कमी लागतात. ज्येष्ठातला मुहूर्त असेल तर खानापूरच्या बाजूला पावसाची तयारी ठेवावी लागते, आणि पाऊस म्हटलं की मांडवावर प्लास्टिकची ताडपत्री आलीच.

मुहूर्त दिवसाचा घ्या. साडेबाराच्या अक्षता असतील तर दिव्यांचा झगमगाट आणि जनरेटर दोन्ही वाचतात. दारात मांडव घालणार असाल तर हेस्कॉमकडं, म्हणजे वीज कंपनीकडं, तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज करा. ते जनरेटरपेक्षा स्वस्त पडतं आणि तारेवर आकडा टाकण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

कार्यालय बघायला गेलात की हॉल आणि स्टेज सगळेच दाखवतात. तुम्ही मागची बाजू बघायला मागा. स्वयंपाकघर, भांडी घासायची मोरी आणि कचरा टाकायची जागा, या तीन ठिकाणी उभं राहून मॅनेजरला विचारा: स्टीलची ताटं आणि पेले तुमचे किती आहेत? नळ किती, बोअर की टँकर? पिण्याच्या पाण्याचं फिल्टर आहे का? बाटल्या आणि डेकोरेशन तुमच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का? कचरा कोण उचलतो आणि कुठं नेतो? शेवटच्या प्रश्नाला जिथं सरळ उत्तर मिळालं, ते कार्यालय आम्ही घेतलं, जरी हॉल थोडा लहान होता तरी.

दारात, शेतात किंवा शाळेच्या मैदानावर लग्न असेल तर एक नियम लक्षात असू द्या. घनकचरा नियमांप्रमाणे परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा, तर किमान 3 कामाचे दिवस आधी ग्रामपंचायत किंवा पालिकेला कळवायचं असतं, आणि कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी कार्य करणाऱ्याची असते. अर्ज दिला की गाडी कधी येणार हेही तिथंच ठरवून घेता येतं.

आवतण

पत्रिका थोड्या छापा. कुलदैवताला, गणपतीला, वडीलधाऱ्यांना आणि ज्यांच्या हातात फोन नसतो त्यांना. आम्हाला 120 पुरल्या. साधा जाड कागद घ्या, वर चकाकीचा थर किंवा सोनेरी वर्ख नको, कारण तसा कागद रद्दीतही जात नाही. बाकीच्यांना फोनवर पत्रिका पाठवली आणि मग प्रत्यक्ष फोन करून बोलावलं. गावात घरोघरी आवतण सांगत फिरायची पद्धत अजून आहे, ती चालू ठेवा. त्याला कागद लागत नाही आणि मान जास्त मिळतो.

आवतण सांगतानाच एक वही ठेवा आणि प्रत्येक घरापुढं किती माणसं येणार ते लिहा. विचारायला संकोच वाटतो खरा. "किती पानं धरू वैनी?" असं विचारलं की कुणालाही राग येत नाही. ही वही पुढं स्वयंपाकात सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पान, ताट आणि पेला

आपल्या भागात जेवणासाठी चार पर्याय मिळतात आणि प्रत्येकाची एक गोम आहे.

केळीचं पान सगळ्यात उत्तम. धुवायला पाणी लागत नाही आणि पंगत उठल्यावर जनावरं ते आवडीनं खातात. आठवडा-दहा दिवस आधी बागवाल्याला किंवा बाजारातल्या पानवाल्याला आकडा सांगून ठेवावा लागतो. एका मोठ्या पानाची दोन-तीन ताटं होतात. पानं आदल्या दिवशी संध्याकाळी आणा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत उभी ठेवा. पसरून ठेवली तर कडा करपतात आणि वाढताना फाटतात. शेकडा 10 पानं जास्त धरा.

इस्तारी, म्हणजे पळसाची पत्रावळ, ही आपली जुनी सोय. चोयांनी टाचलेली हाताची इस्तारी निर्धास्त घ्या. मशीनमध्ये दाबून केलेली मात्र तपासून घ्या, कारण पानाखाली पुठ्ठा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असलेला मालही बाजारात आहे. सुपारीच्या विरीच्या, म्हणजे झाडावरून गळणाऱ्या झावळीच्या रुंद देठाच्या, ताटात पातळ आमटी चांगली राहते, दिसायला नेटकी दिसते, पण ती महाग पडते आणि खतात कुजायला पानापेक्षा बराच जास्त वेळ घेते. मी ती फक्त वाट्या-द्रोणांपुरती घेते.

स्टीलची ताटं तिथंच घ्या जिथं पाणी आहे. ताटामागं लिटर-दीड लिटर पाणी धरायला हवं. खानापूरकडं डिसेंबरात हे काही जड नाही, पण उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर हजार ताटं धुण्यापेक्षा पान बरं. घासायच्या जागी तीन घमेली ठेवा: पहिल्यात खरकटं झाडायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्यातलं पाणी गढूळ झालं की ते दुसऱ्यात ओतायचं. वाहत्या नळाखाली धुण्यापेक्षा निम्म्याहून कमी पाण्यात काम होतं.

आता त्या चंदेरी पत्रावळीबद्दल. तिला सगळे 'कागदाची' म्हणतात, थोरल्या भाचीच्या लग्नात मीही म्हणाले होते. घरी करून बघा. एका कपात कढत पाणी घ्या, पत्रावळीचा दोन बोटं रुंद तुकडा त्यात 10 मिनिटं बुडवा आणि मग नखानं कोपरा खरवडा. कागद लगदा होऊन खाली बसतो आणि वरचा चकचकीत पापुद्रा अखंड हातात येतो. तो ओढला की ताणला जातो. ते प्लास्टिक आहे. चहाच्या कागदी कपातही आतून तसाच थर असतो. केटरर 'इको' म्हणून जे काही दाखवेल त्यावर हीच परीक्षा करा. मी तर त्याच्यासमोरच केली, आणि तो म्हणाला, "अक्का, हे मला पण म्हाईत नव्हतं."

पाण्याचा हिशेब बाटल्यांपासून करू. हजार माणसं, प्रत्येकी 200 मिलीच्या तीन बाटल्या, म्हणजे 3000 बाटल्या. त्यांचं रिकामं प्लास्टिकच 25-30 किलो भरतं, आणि त्यातलं पाणी कितीतरी लोक अर्धंच पितात. तेच हजार लोक जेवताना पाऊण लिटरच्या हिशेबानं 750 लिटर पाणी पितात, म्हणजे 20 लिटरचे 40 जार. आम्ही जारचं पाणी माठांत ओतलं. खानापूरची माती मडक्यांसाठी नावाजलेली, तिथल्या कुंभारांकडून 12 मोठे माठ आणले. नवा माठ दोन-तीन दिवस आधी पाणी भरून ठेवावा, ते पाणी झाडांना घालावं, मग मातीचा वास कमी होतो आणि गारवा धरतो. माठाला लांब दांड्याचा ओगराळा बांधा, म्हणजे कुणी पेला आत बुडवत नाही. स्टीलचे पेले पानांच्या दीडपट घ्या. कमी पडले की पहिल्यांदा लोक कागदी कप शोधतात. लग्नानंतर ते माठ आम्ही शेजारीपाजारी आणि कार्यालयाच्या कामगारांना देऊन टाकले.

स्वयंपाक

लग्नातलं सगळ्यात मोठं नुकसान खरकट्यात होतं. त्या अन्नामागं शेतातलं पाणी आहे, खत आहे, गॅस आहे आणि आचाऱ्याची रात्र आहे. टाकलेलं अन्न उकिरड्यावर हवा न लागता कुजलं की मिथेन वायू सुटतो, आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट पुढं आहे.

पदार्थ कमी करा. आमच्या पानावर पुरी, वांग्याची रस्सा भाजी, मटार-बटाटा, गाजर-काकडीची कोशिंबीर, मसालेभात, भात-आमटी, गव्हाची खीर आणि मठ्ठा एवढंच होतं. चाट नाही, नूडल्स नाहीत, आइस्क्रीमचे कप नाहीत. दोन गोडांऐवजी एक गोड, पण ते भरपूर आणि चांगल्या तुपाचं. खीर मुद्दाम धरली, कारण ती आपल्या मराठी आणि कन्नड दोन्ही पाव्हण्यांची. कन्नडमध्ये तिला हुग्गी म्हणतात, आणि गूळ-गहू दोन्ही इथलेच मिळाले. भाजी कडोली-उचगावच्या बाजूनं शेतकऱ्यांकडून घेतली, मिरची संकेश्वरी, भाताला बेळगाव बासमती. तांदूळ जुना असेल तर भात मोकळा होतो, हे आचारीच सांगतील.

आचाऱ्याला 'हजार माणसं' असं मोघम सांगू नका. वही उघडा, घरांप्रमाणे बेरीज करा आणि 'इतकी पानं' असं सांगा. तो स्वतःच्या अंदाजानं थोडं वाढवतोच. त्यामुळं आपणही वर वाढवलं तर दुहेरी वाढ होते, आणि बहुतेक लग्नांत टोपली-टोपली भात उरतो तो यातूनच. साधा आणि मसाले मिळून शंभर पानांना 10 किलोच्या आसपास तांदूळ पुरतो, बाकीचं मेनूवर अवलंबून. भात एकदम सगळा शिजवायला लावू नका. शेवटच्या दोन पंगतींचा तांदूळ धुऊन ठेवा, आधण तयार ठेवा. माणसं आली तरच घाला. आमचा 14 किलो तांदूळ असाच कोरडा परत घरी आला.

बुफे की पंगत यावर माझं मत पक्कं आहे: पंगत. रांगेत उभा असलेला माणूस पुन्हा यायला नको म्हणून एकदाच ताट भरून घेतो. पंगतीत वाढपी फिरत असतो, त्यामुळं थोडं घ्यायला भीती नसते. आमच्याकडं गल्लीतल्या महिला मंडळाच्या बायका आणि तरुण मंडळाची मुलं वाढायला होती. त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास बसवून सांगितलं: पहिल्या वाढीला एकच पुरी, अर्धी पळी भाजी, भाताचा लहान मुदा. मागितल्यावर कितीही. आग्रह फक्त तोंडानं करायचा, पळी हलवायची नाही. पानात न विचारता जिलेबी टाकण्याची आपली जी प्रेमाची रीत आहे, ती मलाही आवडते, पण तीच जिलेबी नंतर बादलीत जाते.

पहिली पंगत उठली की खरकट्याची बादली स्वतः जाऊन बघा. हे काम कुणावर सोपवू नका. आमच्या पहिल्या पंगतीच्या बादलीत सगळ्यात जास्त काय होतं? मसालेभात. त्याच्यावर साधा भात येतो म्हणून लोक तो अर्धा सोडत होते. दुसऱ्या पंगतीपासून मसालेभाताचा मुदा निम्मा केला आणि बादली अर्ध्यावर आली.

उरलेलं चांगलं अन्न कुणाला द्यायचं ते लग्नाआधीच बोलून ठेवा. वसतिगृह, आश्रम, बांधकामावरची वस्ती, कुठंही असो, त्यांना वेळ आणि साधारण किती माणसांचं हे सांगून ठेवलं तर ते भांडी घेऊन येतात. शिजल्यापासून दोन-तीन तासांत, गरम असतानाच, झाकणाच्या स्टीलच्या डब्यांतून जायला हवं. मठ्ठा, कोशिंबीर आणि ताटातलं उष्टं कधीही देऊ नका.

एक इशारा मनापासून देते. उरलेला भात टोपलीनं जनावरांपुढं ओतायची आपल्याकडं सवय आहे. गाय-म्हैस रवंथ करणारं जनावर. एकदम खूप भात किंवा पुऱ्या पोटात गेल्या की आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर दगावूही शकतं. दोन-चार मुठी कडब्यात मिसळून द्या, बाकीचा खताच्या खड्ड्यात घाला. केळीची पानं मात्र खुशाल घाला, फक्त लिंबाच्या फोडी आणि मिरच्या काढून.

मांडव, फुलं, अक्षता

आपला मूळ मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा, केळीच्या खांबांचा, नारळाच्या झावळ्यांचा आणि उसाचा. तो आजही बांधता येतो. बुरूड मंडळी बांबूच्या कमानी इतक्या सुरेख करतात की वर काही लावावं लागत नाही, आणि मांडव उतरल्यावर तोच बांबू पुढच्या कामाला जातो. त्यांना महिनाभर आधी सांगा. देवकाला लागणाऱ्या फांद्या तोडतानाही एका झाडावरून सगळ्या घेऊ नका.

फुलं हंगामातली घ्या: झेंडू, शेवंती, निशिगंध, अबोली. फुलवाल्याला तीन गोष्टी बजावा. सुतात ओवा, तारेत नको. प्लास्टिकची रिबन नको. आणि फुलं खोचायला हिरवा स्पंज नको, तोही प्लास्टिकचाच प्रकार आहे, केळीचा गाभा किंवा ओली माती वापरा. नावाची पाटी कापडावर पेंटरकडून रंगवून घेतली. मराठी आणि कन्नड दोन्हीत. ती आता भाचीच्या घरात भिंतीवर आहे.

अक्षतांवर आमच्या घरी सगळ्यात जास्त बोलणं झालं. आठशे माणसांनी प्रत्येकी 15 ग्रॅम टाकल्या तरी 12 किलो तांदूळ पायाखाली जातो. तुडवलेला, कुंकवानं रंगलेला. तो धुऊनही वापरता येत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "अक्षता न्हाईत तर लग्न कसलं?" त्यांचं बरोबर होतं. मधला मार्ग असा काढला: वधू-वरांच्या जवळच्या 25 माणसांच्या हातात अक्षता, आणि बाकी मांडवात झेंडूच्या पाकळ्यांच्या परड्या फिरवल्या. परड्या मंगलाष्टकं सुरू होताना द्या. आधी दिल्या तर पोरं सगळ्या उधळून मोकळी होतात. पाकळ्या नंतर झाडून थेट खतात गेल्या.

पेपर ब्लास्टची चमकी कागदाची नसते, चंदेरी मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं. ती वाऱ्यानं शेतात जाते आणि पुढची कित्येक वर्षं नांगराला लागत राहते. म्हणून त्याला सरळ नाही म्हणा.

आहेर आणि कपडे

टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस. आपल्या प्रत्येक घरातल्या कपाटात यांचं एक गाठोडं असतं. एका लग्नात आलेलं दुसऱ्यात जातं, कुणीच शिवत नाही. आम्ही सख्ख्या नात्यांतल्या बायकांना गुळेदगुड्डचा खण दिला, जो खरोखर शिवला जातो, आणि पुरुषांना सुती पंचा. बाकी सगळ्यांना हळद-कुंकू आणि नारळ, तोही पिशवीविना, हातात. कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांना फसू नका. नीट बघितलं की उभा-आडवा धागा दिसत नाही, नुसते दाबलेले ठिपके दिसतात. त्या प्लास्टिकच्याच धाग्यांच्या असतात.

पाव्हण्यांना रोपटं द्यायची पद्धत सध्या फार वाढली आहे. हेतू चांगला आहे, पण माझा अनुभव वाईट. काळ्या पिशवीतलं रोप गाडीच्या डिकीत दोन दिवस राहतं आणि मरतं. त्यापेक्षा आहेराऐवजी वधू-वरांनी पावसाळा सुरू झाल्यावर बांधावर मोजकी झाडं लावावीत. वनखात्याच्या रोपवाटिकांत पावसाआधी रोपं स्वस्तात मिळतात. जांभूळ, फणस, आवळा, करंज ही आपल्या मातीत टिकतात.

कपड्यांचं थोडक्यात: शालू आईचा वापरला, नवी साडी एकच, शहापूरच्या विणकराकडची. शेरवानी आणि फेटे भाड्यानं.

गाड्या आणि वरात

निपाणी ते बेळगाव साधारण 75 किलोमीटर. पन्नास वऱ्हाडी एका बसनं आले तर एका खेपेला 18-20 लिटर डिझेल लागतं. तीच माणसं चौघं-चौघं गाड्यांतून आली तर 12-13 गाड्या होतात आणि 50 लिटरच्या वर जातं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बस आगारात महिनाभर आधी चौकशी करा, लग्नसराईत गाड्या लवकर ठरून जातात. कोल्हापूरकडून वऱ्हाड येणार असेल तर भाड्याच्या गाडीकडं दुसऱ्या राज्यात यायचं परमिट आहे ना, ते आधी बघून घ्या, नाहीतर नाक्यावर अक्षतांची वेळ निघून जाते. मिरज-लोंढा मार्गावरच्या गावांना, कुडची, रायबाग, घटप्रभा, खानापूर, रेल्वे उत्तम पडते. स्टेशनवरून आणायला एक टेम्पो ट्रॅव्हलर ठेवला की झालं.

वरातीला सनई, हलगी आणि लेझीम ठेवलं. कन्नड पाव्हण्यांनी करडी मजल हे त्यांच्याकडचं वाद्यपथक आणलं आणि सगळ्यात जास्त नाच त्यावरच झाला. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावायला कायद्यानं मनाई आहेच, पण त्याआधीही डॉल्बीच्या भिंतीपुढं गल्लीतली म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं काय सोसतात ते मी बघितलं आहे.

कचऱ्याचा दिवस आणि नंतरचा खड्डा

यादीत नावं लिहिलेल्या दोघांना त्या दिवशी दुसरं कुठलंही काम देऊ नका, फोटोलाही बोलावू नका. हात धुवायच्या जागेजवळ तीन पिंपं ठेवा: पानं आणि खरकटं, सुका कचरा, आणि राहिलेलं पाणी ओतायला. पाट्या दोन भाषांत लावा. आमच्याकडं 'ओला' खाली 'हसी कसा' आणि 'सुका' खाली 'ओण कसा' असं लिहिलं होतं, कारण भांडी घासणाऱ्या बायका कन्नड बोलणाऱ्या होत्या. पाटी वाचून कुणी टाकत नाही, हेही लक्षात ठेवा. पिंपाजवळ एक पोरगा उभा हवा जो हातानं दाखवेल. त्या कामगारांना हातमोजे द्या आणि पंगतीत बसवून जेवायला घाला, शेवटी उरलेलं नव्हे.

आम्हाला जमलं नाही ते एकच. पाव्हण्यांनी आणलेल्या भेटवस्तूंचे चकचकीत कागद. त्याचं दीड पोतं भरलं आणि ते पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्यावं लागलं. आवतण सांगतानाच 'कागदात गुंडाळू नका' असं सांगायला हवं होतं.

ओल्यासाठी शेतात किंवा परसात 3 फूट लांब, रुंद आणि खोल असे दोन-तीन खड्डे आधी खणून ठेवा. तळाला वाळका पाला-पाचोळा, त्यावर फाडलेली पानं आणि खरकटं वीतभर, त्यावर शेणकाला आणि मातीचा पातळ थर, मग पुन्हा तसंच. फुलांचे हार सूत सोडवून घाला. वर मातीचा जाड थर आणि काटेरी फांद्या टाका, नाहीतर कुत्री उकरतात. आठवड्यातून एकदा थोडं पाणी शिंपडा, दोनदा उलथापालथ करा. घाण वास आला तर ओल जास्त झाली आहे असं समजून वाळका पाला आणखी घाला. लग्न माघात झालं होतं, खड्डा वैशाखात उघडला तेव्हा पानांची ओळखही राहिली नव्हती, फक्त आंब्याच्या डहाळ्यांचे दांडे आणि विरीच्या द्रोणांच्या कडा तेवढ्या निवडून बाजूला काढाव्या लागल्या. ते पुढच्या खड्ड्याच्या तळाला गेले. बाकीचं खत मृगाच्या पावसाआधी बांधावर खणलेल्या खड्ड्यांत दोन-दोन घमेली घातलं, आणि आषाढात भाची-जावई आले तेव्हा त्यावर जांभळाची पाच रोपं लावली.